दसऱ्यापर्यंतची थंडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बिल्डिंगच्या कमिटीचे चेअरमन आदरणीय नंदकुमार सबनीस, म्हणजे आपले नंदूकाका. प्रमुख पाहुणे म्हणून व्यासपीठावर बसलेले दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर मोहन टिल्लू. कमिटीच्या सेक्रेटरी अरुणाकाकू. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, माझ्या शेजारीण छायाकाकू मुणगेकर. त्यांना न्यायला रेजिनाहून आलेले त्यांचे चिरंजीव तनयदादा. आणि या कॉमन रूममध्ये कोट, टोप्या, हातमोजे घालून बसलेल्या माझ्या सर्व रहिवासी बंधुभगिनींनो, सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा.

सोनं वाटून झालंच आहे. अरुणाकाकूंचं खास कौतुक करायला हवं. आपट्याची पानं कॅल्गरीत मिळत नाहीत, म्हणून आपण अ‍ॅस्पेनची पिवळी पानं सोनं म्हणून देतो. यंदा ती झाडावरच बर्फात सापडली. पण काकूंनी सप्टेंबरातच पानं गोळा करून पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवली होती. पुढचा विचार करणं म्हणतात ते हे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. नंदूकाका म्हणाले, "आनंदी, तुझं मराठी स्वच्छ आहे, आमची मुलं इंग्लिशमध्ये सुरू होतात. तू बोल. छान बोल, रडवू नकोस." मी भाडेकरू आहे, युनिव्हर्सिटीत शिकते, या बिल्डिंगमध्ये मला मत नाही. तरी बोलायचा मान मला दिला, त्याबद्दल मी कमिटीची आभारी आहे. आमच्या घरात कॉलेजचं शेवटचं वर्ष पाहिलेली मी पहिलीच. वडील सावंतवाडीच्या एसटी डेपोत टायर बदलतात. काल त्यांना फोनवर सांगितलं, सभेत बोलायचं आहे. ते म्हणाले, "मोठ्या माणसांसमोर बोलतेस, खरं बोल. मोठ्या माणसांना खोटं लगेच कळतं." वडिलांचा मोठ्या माणसांवर फार विश्वास आहे.

छायाकाकूंविषयी काय सांगू? तुम्ही त्यांना माझ्याहून कितीतरी अधिक वर्षं ओळखता. ही बिल्डिंग मराठी कुटुंबांनी मिळून घेतली तेव्हापासून त्या तळमजल्यावर, पार्किंगच्या वरच्या कोपऱ्यात राहतात. काका गेले, तनयदादा नोकरीसाठी रेजिनाला गेले, काकू राहिल्या. आज प्रत्येकाने घरी गेल्यावर आपल्या दाराच्या फटीकडे बघा. तिथे जुन्या साडीची, आत वाळू भरलेली, लांबट उशी पडलेली असेल. वारा अडवणारी. ती काकूंनी शिवलेली आहे. दर भाद्रपदात गणपती उठले की काकू मशीन काढतात. यंदाही काढली. ज्यांनी मागच्या वर्षी नवं दार बसवलं त्यांना नव्या मापाची उशी मिळाली, न सांगता. ज्यांच्याकडे कुत्रं आलं, त्यांना जाड कापडाची. मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना, आम्ही उन्हाळ्यातच राहायला आलो तरी, मिळाली. कोणाचंही दार त्यांच्या लक्षातून गेलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हटलं. का, ते पुढे येईल.

आपली बिल्डिंग हिवाळ्याची तयारी किती शिस्तीने करते, हे मी माझ्या मैत्रिणींना कौतुकाने सांगते. बाहेरच्या नळांमधलं पाणी हवा मारून काढून टाकतात. छतावरच्या पन्हाळ्या साफ होतात. पार्किंगमध्ये गाड्यांची इंजिनं रात्री उबेला लावायची वायर प्रत्येक खांबावर तपासली जाते. बर्फ फावड्याने काढण्याच्या पाळ्या ठरतात, निसरड्या वाटेवर टाकायच्या वाळूची पेटी भरते, खिडक्यांना प्लॅस्टिक लागतं. हे सगळं सप्टेंबर संपायच्या आत. एकच गोष्ट दसऱ्यापर्यंत थांबते. बॉयलर.

तनयदादा, तुम्ही इथून गेलात त्यानंतर ही प्रथा पडली, म्हणून तुमच्यासाठी थोडं सांगते. एका वर्षी जानेवारीत बॉयलर बंद पडला, पाइप फुटले, तीन घरांत पाणी शिरलं. पुढच्या वर्षी नंदूकाका चेअरमन झाले. त्यांनी खंडेनवमीला बॉयलरची पूजा केली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि दसऱ्याला बटण दाबलं. तो हिवाळा सुखरूप गेला. तेव्हापासून बॉयलर दसऱ्यालाच सुरू होतो. त्याच्या आधी हात लावायचा नाही. मागच्या वर्षी दसरा सप्टेंबरच्या शेवटी आला, कोणाला काही वाटलं नाही. यंदा अधिक महिना होता, दसरा अठरा ऑक्टोबरला गेला. बर्फ मात्र दोन तारखेलाच पडला. बर्फाला अधिक महिना माहीत नव्हता.

अरुणाकाकू मला घड्याळ दाखवताहेत. हो काकू, येतेच मुद्द्यावर.

तुम्ही सगळे वरच्या मजल्यांवर राहता. एकाची ऊब दुसऱ्याला मिळते, स्वयंपाकघरांची मिळते, दुपारचं ऊन मिळतं. आमच्या खाली पार्किंग आहे. दार उघडलं की वारा जमिनीखालून येतो. आम्ही तिघी एका पांघरुणात बसून अभ्यास करत होतो आणि त्यात आम्हाला मजाही वाटत होती, कारण आम्ही चोवीस-पंचवीस वर्षांच्या आहोत. काकू शहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे दही लागेना. त्या भिंतीवर टकटक करून मला बोलवायच्या आणि पातेलं दाखवून म्हणायच्या, "बघ गं, दूध तसंच. दह्यालासुद्धा थंडी वाजते." हसायच्या. ओठ निळे पडलेले असायचे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग बाईने हीटर का नाही लावला? काही नव्या मंडळींना खरंच माहीत नसेल, मलाही काकूंकडूनच कळलं. मागच्या हिवाळ्यात कोणाच्या तरी हीटरने फ्यूज उडाले. कमिटीने ठरवलं, प्लगमधले हीटर बंद. नंदूकाका स्वतः दारोदार फिरून ते गोळा करून गेले. सगळ्यात आधी हीटर काढून देणारं घर कोणाचं? काकूंचं. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून त्यांनी तो पुसून, वायर गुंडाळून दिला. बाकी कितीजणांनी दिले आणि कितीजणांनी पलंगाखाली सरकवले, ते मी विचारत नाही. हॉलमध्ये हसू ऐकू आलं, तेवढं पुरे.

काकूंनी थंडी वाजते असं तिघांना सांगितलं. मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून मला माहीत आहे.

पहिल्यांदा नंदूकाकांना. लॉबीत. काका तेव्हा टोपी काढून बुटांवरचा बर्फ झाडत होते. काकू म्हणाल्या, "भावजी, यंदा बॉयलर थोडा आधी लावता येईल का हो? माझे पाय रात्रभर गरम होत नाहीत." काका म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं कॅल्गरीत काढलीत आणि ऑक्टोबरला घाबरता? आमचा दादा असता तर हसला असता तुम्हाला." दादा म्हणजे काकूंचे यजमान. काकू म्हणाल्या, "ते असते तर त्यांनी बॉयलर लावला असता." काका हसले. "तुमची जीभ अजून गरम आहे, वहिनी. मग बाकीचं होईल गरम." काका, मी चुकत असेन तर सांगा. नाही? आभारी आहे.

काकूंची विनोदबुद्धी आपल्या सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्यावर विनोद झाले, त्यात वावगं काही नव्हतं असं म्हणता येईल. 'ग्राउंड फ्लोअरला पेंग्विन पाळायचे का?' असा एक आला. त्याखाली हसणारे चेहरे आले. मी मोजत बसले नाही. दोन गोऱ्या भाडेकरूंनी हीट कधी सुरू होणार असं विचारलं, त्यांना सांगण्यात आलं की सर्व्हिसिंग चालू आहे, पार्ट यायचाय. मराठी लोकांना तसं सांगण्याची गरज पडली नाही. आपल्याला दसरा पुरला.

दुसऱ्यांदा त्यांनी अरुणाकाकूंना सांगितलं. अरुणाकाकू तेव्हा नवरात्राच्या सामानाची यादी करत होत्या. त्या म्हणाल्या, "छायाताई, जरा सहन करा हो. लोक नऊ दिवस अनवाणी राहतात, उपास करतात. आपल्याकडून एवढं तरी होऊ दे देवीसाठी." काकू म्हणाल्या, "देवीला माझ्या घरी बसव. मग बघू ती किती दिवस सहन करते." अरुणाकाकूंना ते आवडलं नाही. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'थंडी मनात असते,' आणि हात जोडलेलं चित्र.

तिसऱ्यांदा कोणाला सांगितलं, ते शेवटी सांगते.

मग तो मफलरचा दिवस. काकूंनी संध्याकाळी ओव्हन लावला, दार उघडं ठेवलं आणि स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसल्या. आपल्या यजमानांचा जुना लोकरी मफलर गरम करून पायाला गुंडाळावा म्हणून ओव्हनच्या दांडीवर टाकला. तो घसरून आत पडला. धूर झाला. अलार्म वाजला आणि आपण सगळे बर्फात जाऊन उभे राहिलो. कोणी चपला घातलेल्या, कोणाच्या हातात आरतीचं तबक, कोणाच्या डोक्याला तेल. फायर ब्रिगेड आली. मफलर सिंकमध्ये टाकून काकूंनी आधीच विझवला होता आणि ओव्हनही बंद केला होता. हेही लक्षात ठेवा.

फायर ब्रिगेडचा माणूस बाहेर आला आणि त्याने काकूंना विचारलं, काय झालं? काकूंचं इंग्लिश दुकानापुरतं आहे. त्या मराठीत म्हणाल्या, "थंडी वाजत होती म्हणून ओव्हन लावला होता." शेजारी नंदूकाका उभे होते. त्या माणसाने विचारलं, "व्हॉट डिड शी से?" आणि काकांनी त्याला सांगितलं, "शी फर्गॉट. ओल्ड एज, यू नो."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. दोन्ही वाक्यं ऐकली. मी म्हटलं, "नो सर, शी वॉज कोल्ड." त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. नंदूकाका हसले आणि म्हणाले, "टेनंट." बस, एवढा एकच शब्द. तो माणूस काकांकडे वळला.

नंदूकाका, बसा ना. मी तुमच्यावर आरोप करत नाही. मला खरंच समजून घ्यायचं होतं. थंडीचं नाव निघालं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, बर्फ पडलेला असताना या बिल्डिंगची हीट बंद का? मग दसरा इंग्लिशमध्ये समजावून सांगावा लागला असता. त्यापेक्षा एका म्हातारीचं डोकं बिघडलं म्हणणं सोपं होतं. दोन वाक्यांत काम झालं. तुम्ही वाईट माणूस नाही. मला इंटरव्ह्यूला जायला तुम्हीच तुमचा कोट दिला होता. म्हणून तर मला रात्री झोप येत नाही.

चिठ्ठी आली आहे. अध्यक्षांची. 'थोडक्यात आवर, बॉयलरचं बटण दाबायचं आहे.' आवरते, काका. खोलीत थंडी आहे हे मलाही कळतं आहे. सगळ्यांना एकदम कळतं आहे, हे या खोलीत पहिल्यांदाच होत असेल.

पुढचा प्रसंग घटस्थापनेचा. कमिटीची मीटिंग काकूंच्या घरी झाली. काकूंना वाटलं, आपल्या घरच्या गारठ्याविषयी बोलायला लोक येताहेत, त्यांना बसवून दाखवता येईल. म्हणून त्यांनी मला मदतीला बोलावलं. मी कप धुतले. काकूंनी चहा केला, चिवडा केला, बिस्किटं मांडली. आपण सगळे कोट घालूनच बसलात. एकानेही 'किती गार आहे इथे' म्हटलं नाही. मी दारात उभी राहून वाट बघत होते, कोणीतरी म्हणेल.

डॉक्टरकाका, तुम्ही बिस्किट बुडवत काकूंना विचारलंत, "वहिनी, आज काय तारीख?" काकू चहा ओतत होत्या. त्या म्हणाल्या, "आश्विन शुद्ध प्रतिपदा. घट बसले आज." तुम्ही म्हणालात, "तसं नाही, इंग्रजी तारीख सांगा." काकू म्हणाल्या, "ती तुमच्या मनगटावर आहे, डॉक्टर. मी चहा सांभाळू की कॅलेंडर?" सगळे हसले. आणि तुम्ही नंदूकाकांकडे वळून हळूच म्हणालात, "डिफ्लेक्ट करताहेत, उत्तर टाळताहेत. शॉर्ट टर्म मेमरी आधी जाते."

डॉक्टरकाका, तुम्ही हाडांचे डॉक्टर होतात. निवृत्त झाल्याला बारा-पंधरा वर्षं झाली. तुम्ही सहज बोललात, हे मी समजू शकते. पण तुमच्या सहज बोलण्याचा फोन रेजिनाला गेला, तेव्हा तो 'डॉक्टर स्वतः म्हणाले' असा पोचला. आणि मला एक गोष्ट कोणीतरी समजावून सांगा, मी खरंच लहान आहे. ज्या बिल्डिंगचा बॉयलर तिथीवर चालतो, त्या बिल्डिंगमध्ये अचूक तिथी सांगणारी बाई विसराळू कशी ठरते?

काकू स्वयंपाकघरात गेल्या. तेवढ्यात नंदूकाका म्हणाले, "बघा, त्यांच्याच भल्याचं आहे. वहिनींनी तनयकडे जावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." हात वर झाले. काहींच्या हातात बिस्किट होतं. काकू चिवड्याचं दुसरं ताट घेऊन बाहेर आल्या, वर गेलेले हात बघून थांबल्या आणि विचारलं, "अगंबाई! इतक्या जणांना परत चहा?"

कोणीतरी म्हणालं, "हो, चालेल."

आणि त्यांनी परत चहा केला. आपण तो प्यायलात.

तनयदादा, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात, तुमच्याकडे बघून बोलते. हे सगळं मी तुमच्यासाठीच बोलते आहे. या हॉलमधल्या बाकी सगळ्यांना हे माहीत आहे. काल सामान बांधताना तुम्ही मला सांगितलंत, आई दोन दिवस घरी राहील, मग तिला तिथल्या होममध्ये बेड मिळालाय, नशिबाने लवकर मिळाला. विसर पडलेल्या माणसांसाठीचं होम. तुम्ही म्हणालात, चांगलं आहे, सुरक्षित आहे, बाहेरच्या दाराला कोड असतो. ज्याला कोड लक्षात राहील त्यालाच दार उघडतं. मी म्हटलं, दादा, काकूंना काही झालेलं नाही. तुम्ही म्हणालात, "आनंदी, तू चांगली मुलगी आहेस, पण डॉक्टर स्वतः म्हणाले आहेत आणि चेअरमननी स्वतः पाहिलं आहे." म्हणून मी आज डॉक्टरांसमोर आणि चेअरमनसमोर बोलते आहे. मी खोटं बोलत असेन तर त्यांनी आत्ता उठून सांगावं.

कोणी उठत नाही. ठीक.

दादा, एवढंच ऐका. काकूंनी ओव्हन विसरून चालू ठेवला नव्हता, उबेसाठी लावला होता. बॉयलर त्यांच्यामुळे बंद नव्हता, आपल्यामुळे होता. या सतरा दिवसांत सगळ्यांनी त्यांना 'तुम्ही विसरता' असं सांगून पाहिलं. अरुणाकाकूंनी प्रेमाने, डॉक्टरकाकांनी समजुतीने, नंदूकाकांनी हसत. काकूंनी एकदाही मान्य केलं नाही. दरवेळी म्हणाल्या, "मला सगळं आठवतं. तुम्हाला नको असलेलंसुद्धा." ज्या बाईने स्वतःच्या तोंडाने एकदाही 'मी विसरते' असं म्हटलेलं नाही, तिला कोड असलेल्या दारामागे ठेवू नका. तुमच्या घरी ठेवा. नाहीतर इथे ठेवा, आम्ही तिघी आहोत शेजारी. बॉयलर आज सुरू होणारच आहे.

आता तिसरं. काकूंनी थंडी वाजते असं तिसऱ्यांदा सांगितलं ते तुम्हाला.

दादा उभे राहिले आहेत. मागच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते, तनयदादा म्हणताहेत, "मला? मला फोन नाही आला."

आला होता, दादा. मफलरच्या आदल्या दिवशी, दुपारी. काकूंची बोटं गारठून आखडली होती, नंबर लागेना, म्हणून मी लावून दिला आणि स्पीकरवर ठेवला. काकू म्हणाल्या, "तन्या, इथे फार गारठा आहे रे, बॉयलर लावत नाहीत, तू जरा बोल ना नंदूभावजींशी." तुम्ही म्हणालात, "आई, डबल स्वेटर घाल, मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करतो." मी तुम्हाला दोष देत नाही. कामाच्या गर्दीत असे फोन लक्षात राहत नाहीत. आमच्या वडिलांचेही फोन मी असेच ठेवते. पण तो फोन झाला होता. तुम्ही विसरलात, त्यांना आठवतो. हवं तर आत्ता विचारा त्यांना. इथेच आहेत.

काकू, माइक जवळ घ्या. दादा विचारताहेत, "आई, तू मला फोन केला होतास?"

काय म्हणालात, काकू?

माइक बंद झाला का? नाही, चालू आहे. काकू, परत सांगता का?

मागे ऐकू गेलं नसेल. काकू म्हणताहेत, "नाही रे बाळा. मी कुठला फोन केला? हल्ली माझं असंच होतं. विसरते मी."

काकू, तुम्ही माझ्या खोलीत बसला होतात. माझ्या खुर्चीवर. फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "दमलेला वाटला गं आवाज."

त्या मान हलवताहेत. त्या म्हणताहेत, "पुरे गं पोरी. लेकराला चारचौघांत किती वेळ उभं करशील? उद्या दिवसभर गाडी चालवायची आहे त्याला."

डॉक्टरकाका नंदूकाकांकडे बघून मान डोलावताहेत. दिसलं मला.

तनयदादा, तुम्ही खाली बसलात.

म्हणजे उत्तर पुरलं. मी पुरावे आणले होते, काकूंना तिथी आठवते, दारांची मापं आठवतात, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द आठवतं. एवढं सगळं आठवणाऱ्या बाईला मुलगा विसरला, एवढंच आठवायचं नव्हतं. ते मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. पुस्तकात खरं बोललं की कोणीतरी सुटतं.

आता रीतीप्रमाणे आभार. हा हॉल आणि हा मान दिल्याबद्दल अध्यक्ष नंदूकाकांचे आभार. बटाटेवडे आणि सोन्यासाठी अरुणाकाकूंचे आभार. आपला वेळ काढून आल्याबद्दल डॉक्टरकाकांचे आभार. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की यंदा बॉयलरचं बटण दाबण्याचा मान छायाकाकूंना देण्यात येत आहे. उद्या सकाळी त्या निघतील, तोवर तळमजल्यापर्यंत ऊब पोचायला हरकत नाही. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुमचेही आभार. तुम्ही नेहमीच शांतपणे ऐकता.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल, वयाचा मान राहिला नसेल, तर लहान समजून पदरात घ्या. पण खरी क्षमा मला एकाच माणसाकडे मागायची आहे. काकू, मी तुम्हाला सोडवायला उभी राहिले, आणि जे या सगळ्यांना मिळून तुमच्या तोंडून वदवता आलं नव्हतं, ते मी एकटीने वदवून घेतलं.